हंगाम ठरवणारा माणूस

अमेरिकेतल्या प्रादेशिक नाट्यगृहाचा कलासंचालक हंगामात स्वतः एखाददुसरे नाटक बसवतो. त्याचे खरे काम निवडीचे असते. कोणती नाटके करायची, ती कोणाकडे सोपवायची, कोणत्या क्रमाने लावायची आणि कोणत्या चांगल्या संहितेला नाही म्हणायचे, हे तो ठरवतो. प्रेक्षक आणि समीक्षक मात्र त्याने बसवलेल्या नाटकावरून त्याला जोखतात. तो अन्यायच आहे.

हे पद संस्थापकांमधून घडले. मार्गो जोन्स यांनी १९४७ मध्ये डॅलसला, नीना व्हान्स यांनी त्याच वर्षी ह्यूस्टनला आणि झेल्डा फिचँडलर यांनी सहकाऱ्यांसह १९५० मध्ये वॉशिंग्टनला नाट्यगृह सुरू केले. न्यूयॉर्कहून फिरतीवर येणाऱ्या नाटकांवर गावाने विसंबून राहू नये, हा त्यामागचा आग्रह होता. टायरन गथ्री यांचे मिनियापोलिसचे नाट्यगृह १९६३ मध्ये ‘हॅम्लेट’ने उघडले.

मराठी व्यावसायिक नाटक चालले, तर निर्माता त्याचे प्रयोग वाढवतो. अमेरिकेतल्या प्रादेशिक नाट्यगृहात मात्र पुढच्या नाटकाची तारीख आधीच ठरलेली असते आणि पूर्ण हंगामाची तिकिटे सभासदांनी आगाऊ घेतलेली असतात. त्यामुळे गाजणारे नाटकही बहुधा उतरवावे लागते. फसलेल्या नाटकाचा फटका लगेच कळत नाही. तो पुढच्या वर्षीच्या सभासद-नोंदणीत दिसतो. म्हणून नाटके एकेकटी निवडून भागत नाही. वीस नटांचा शेक्सपिअर घेतला, तर त्याचा खर्च दोन पात्रांच्या नाटकाने सावरावा लागतो. मिनियापोलिसच्या गथ्री नाट्यगृहात १९७५ पासून नाताळच्या सुमारास ‘अ ख्रिसमस कॅरल’ होत आले आहे. असे हमखास गर्दीचे नाटक नव्या लेखकाच्या जोखमीला आधार देते. त्याला तडजोड म्हणून हिणवणाऱ्यांनी हंगामाचे अंदाजपत्रक एकदा पाहावे.

वास्तूही निवडीत बोलते. फिचँडलर यांच्या वॉशिंग्टनमधल्या अरीना स्टेजच्या मुख्य रंगमंचाभोवती चारही बाजूंना प्रेक्षक बसतात. तिथे खरी भिंत उभी केली, तर एका बाजूच्या प्रेक्षकांना नुसती तिची मागची बाजूच दिसेल. कोचाची पाठसुद्धा बुटकी ठेवावी लागते, आणि नट कुठेही उभा राहिला तरी कोणाकडे तरी त्याची पाठ असतेच. दारांच्या उघडझापीवर बेतलेला फार्स अशा ठिकाणी जीव गमावतो. हे संहिता वाचतानाच ओळखता आले पाहिजे.

पैशाची बाजू व्यवस्थापकीय संचालक सांभाळतो. बहुतेक ठिकाणी दोघेही विश्वस्त मंडळाला थेट उत्तरदायी असतात. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. पण नटसंच किती मोठा घ्यायचा हा प्रश्न एकाच वेळी कलेचा आणि पैशाचा असतो.

सर्वांत जुना वाद न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, म्हणजे ब्रॉडवेचा. हॉवर्ड सॅकलर यांचे ‘द ग्रेट व्हाइट होप’ १९६७ मध्ये अरीना स्टेजवर आले. एडविन शेरिन यांचे दिग्दर्शन, जेम्स अर्ल जोन्स आणि जेन अलेक्झांडर प्रमुख भूमिकांत. त्याचा प्रचंड नटसंच पेलणे हे धाडसच होते. पुढच्या वर्षी नाटक ब्रॉडवेवर गेले, १९६९ मध्ये त्याला पुलित्झर आणि टोनी पुरस्कार मिळाले. ते जिथे घडले त्या नाट्यगृहाला मात्र त्या कमाईतला वाटा मिळाला नाही, शिवाय संचातले नटही नाटकाबरोबर गेले. पुढे नाट्यगृहे पहिल्या निर्मितीच्या हक्कांचे करार आधीच करू लागली. तोटा पैशापुरता असता, तर कराराने प्रश्न मिटला असता. आता नाटक पुढे ब्रॉडवेला नेण्यासाठी व्यावसायिक निर्माते सुरुवातीलाच वाढीव रक्कम देऊ करतात, आणि हंगामातली एक जागा गावाऐवजी न्यूयॉर्कच्या प्रेक्षकासाठी ठरते. रक्कम मोहाची असते आणि नाटकही अनेकदा चांगले असते. तरीही त्या एका जागेचा निर्णय कलासंचालकाच्या हातून गेलेला असतो. तो वाचवण्यासाठी प्रसंगी पैसा नाकारणे हा याच कामाचा भाग आहे.

फिचँडलर सुमारे चाळीस वर्षे अरीना स्टेजच्या कलासंचालक होत्या. त्यांच्यानंतरच्या संचालकांची नेमणूक विश्वस्त मंडळाने केली. बहुतेक जुन्या नाट्यगृहांत आता हीच पद्धत आहे. नवा माणूस येतो तेव्हा त्याच्या पहिल्या हंगामातली काही नाटके बऱ्याचदा आधीच्याने निवडलेली असतात. त्याची स्वतःची निवड प्रेक्षकांसमोर पुरती यायला दुसरा हंगाम उजाडतो.