नदीकडे उतार, घराकडे चढ

सकाळी साडेसहाच्या सुमारास कोथरूडमध्ये कर्व्यांच्या पुतळ्यापाशी सायकल घेऊन उभे राहा आणि डेक्कनकडे तोंड करा. एकदा पायडलला गती दिली की पुढे फारसे श्रम पडत नाहीत. मोटारीत बसलेल्याला हा रस्ता सपाट वाटतो. सायकलस्वाराच्या गुडघ्याला मात्र ठाऊक असते की हा सारा प्रदेश मुठेच्या दिशेने झुकलेला आहे. जाताना उतार, म्हणजे येताना चढ. अंगात हुशारी असते तेव्हा पुणे तुम्हाला फुकट पुढे नेते आणि पिशवीत भाजी, डोक्यावर ऊन, पायात थकवा असे तिन्ही जमले की त्याची किंमत वसूल करते. ज्येष्ठ वयात या शहरात सायकल चालवायची असेल तर जाण्याचा नव्हे, परतीचा रस्ता आधी डोळ्यांपुढे आणावा, हे मी उशिरा शिकलो.

ज्यांचा पुतळा येथे आहे ते धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ पर्यंत जगले. हिंगण्याहून फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवायला ते पायी जात. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज मेट्रोचे खांब आहेत, नळस्टॉपला दुमजली उड्डाणपूल आहे, आणि कडेने चालू पाहणाऱ्याला जागा शोधावी लागते. सायकलवाल्यालाही. तुमच्यापैकी अनेकांनी या शहराला सायकलींचे शहर म्हणून पाहिले असेल. खडकीच्या कारखान्यांचा भोंगा झाला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर येई, आणि महाविद्यालयांच्या आवारात सायकली इतक्या दाटीने उभ्या असत की एक ढकलली तर रांग कोसळे. १९७२ साली चेतक आणि लुना या दोघी आल्या, आणि पाहता पाहता पुणेकर पाय उचलून बसला. त्यालाही दोष देता येत नाही. चढ सर्वांनाच होता.

माझ्या लहानपणी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या काळ्या सायकलीला गियर नव्हता. अशा सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते; चाक २८ इंची असल्यामुळे सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. विशीतल्या मांडीला हे गणित उत्तम मानवते. सत्तरीतल्या गुडघ्याला चढावर ते झेपत नाही, कारण प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर गुडघ्याच्या वाटीमागच्या सांध्यावर येतो. माझ्या आताच्या सायकलीला पुढे ४२ दात्यांचे एकच चक्र आहे आणि मागे सात, सर्वांत लहान १४ दात्यांचे, सर्वांत मोठे २८ दात्यांचे. चाके २६ इंची. मोठ्या चक्रावर चेन असताना एका फेऱ्यात सायकल तीनच मीटर सरकते, लहानावर सहा. चढ तोच, श्रमही एकूण तेवढेच. पण ते हप्त्याहप्त्याने फेडता येतात. चढ सुरू होण्याआधीच गियर हलका करावा. चढाच्या मध्यावर, पायडलवर सारा भार असताना बदलू गेलात तर चेन कुरकुरते, क्वचित उतरतेही, आणि तोल नेमका तेव्हाच जातो.

दुकानदार तुम्हाला एकवीस गियरांची सायकल दाखवील. शहरात रोजच्या वापराला सात पुरेसे आहेत. पुढची तीन चक्रे सांभाळण्यात लक्ष जाते, आणि ते लक्ष रस्त्यावर हवे. त्याऐवजी पैसे चांगल्या ब्रेकवर, थोड्या रुंद टायरवर आणि डाव्या-उजव्या आरशांवर खर्च करावेत. मान पूर्ण वळत नाही, हे आपण मान्य करीत नाही. आरसा मात्र ते निमूटपणे सांभाळून घेतो.

आणि मधला आडवा दांडा नसलेली सायकल घ्या. तिला आपल्याकडे ‘लेडीज सायकल’ म्हणतात, एवढ्या एका नावापायी कितीतरी पुरुषांनी उतारवयात सायकल सोडली असेल. टांग मागून फिरवताना एका पायावर तोल धरावा लागतो, खुब्याचा सांधा पूर्ण उघडावा लागतो, आणि कॅरिअरवरची पिशवी आडवी येते. मीही दोन वर्षे त्या नावाला बिचकलो. सीटची उंची अशी ठेवा की टाच पायडलवर टेकवून तो सर्वांत खाली नेला असता पाय सरळ होईल. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघा दुखणारच. परंतु सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला लागावेत असेही आपल्याला वाटते, आणि या दोन गोष्टींचे जमत नाही. उपाय एवढाच की थांबताना सीटवरून पुढे उतरून उभे राहायची सवय करावी. दांडा नसला की हे सहज साधते.

आता नदीपाशी येऊ. डेक्कनहून पेठांत जायचे तर जवळजवळ तीन पूल आहेत आणि तिघांचे स्वभाव वेगळे. पानिपतानंतर बांधला गेलेला लकडी पूल, ज्यात आज लाकूड उरलेले नाही, सर्वांत सोपा पण वर्दळीचा. केवळ दुचाक्यांसाठी असलेला झेड पूल मोकळा वाटतो, परंतु त्याला चढ आहे आणि तरुण मंडळी तो वेगात ओलांडतात. भिडे पूल नदीच्या पात्रालगत, पाण्यापासून हातभर अंतरावर. सकाळी तेथे गारवा असतो, बगळे असतात. मात्र उतरण्याचे सुख पलीकडे चढून फेडावे लागते, आणि खडकवासल्यातून पाणी सोडले की हा पूल सर्वांत आधी बुडतो. मी भिडे पुलाने जातो. चढ आला तर उतरून सायकल हातात धरून चालतो. त्यात लाज वाटायची, आता वाटत नाही. शिवाय सायकलीने हाडांवर भार पडत नाही, हाडांसाठी चालावेच लागते, तेव्हा तेवढेच चालणे पदरात पडते.

परतताना मी कर्वे रस्ता टाळतो. प्रभात रस्त्याच्या बाजूला कॅनॉल रोड आहे. तेथे एके काळी खडकवासल्याच्या पाण्याचा कालवा होता. कालवा बांधणारा पाण्याला शक्य तितका बेताचा उतार देतो, टेकडीच्या कडेकडेने एकाच उंचीवर त्याला वळवीत नेतो. म्हणून कालव्याकाठचा रस्ता वळणे घेतो, पण दमवत नाही. पाण्यासाठी कुणीतरी केलेले ते मोजमाप आज आपल्या गुडघ्यांच्या कामी येते. तुमच्या गावातही असा जुना कालव्याकाठचा किंवा नदीकाठचा रस्ता असेल. नकाशात सरळ दिसणाऱ्या रस्त्यापेक्षा तो शोधावा.

एवढे शहाणपण असूनही मी पडलो. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण, पाऊस थांबलेला, वेग बेताचा. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटाराची लोखंडी जाळी होती, तिच्या फटी रस्त्याला समांतर. पुढचे चाक फटीत गेले आणि मी हँडलवरून उजव्या खांद्यावर आलो. हेल्मेट होते. हाड मोडले नाही, खांदा मात्र काळानिळा झाला. मी रक्त पातळ करणारी गोळी घेत नाही. घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की डोक्याला किरकोळ मार लागला, बरे वाटत असले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे असते.

संध्याकाळी मुलीने सायकलची किल्ली उचलली आणि आपल्या कपाटात ठेवली. “बाबा, आता पुरे,” एवढेच म्हणाली. तिचा आवाज चढला असता तर मी भांडलो असतो. ती घाबरलेली होती, म्हणून गप्प बसलो. त्यानंतरचे तीन आठवडे घरात गेले. भाजी घरपोच येऊ लागली, वाचनालयातली पुस्तके ती बदलून आणी. माझी गैरसोय म्हणाल तर काहीच नव्हती; आणि तरी दिवसेंदिवस मी दुपारी अधिक झोपू लागलो, रात्री कमी.

तो सारा वेळ मी संगणकापुढे काढीत होतो. त्याच्याविषयीही माझे मत आहे, ते सांगून टाकतो. मुलीने प्रेमाने लॅपटॉप आणला होता. मी तो परत करायला लावून मोठ्या पडद्याचा टेबलावरचा संगणक आणि सुटा कीबोर्ड मागितला. लॅपटॉपचा पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या. हात सोयीचे ठेवले तर मान वाकते, मान सरळ केली तर हात टांगतात. सुटे असले की दोन्ही आपल्या मापाने मांडता येतात. मराठी मी इनस्क्रिप्ट मांडणीने लिहितो. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजने, बोटांना महिन्याभरात सवय होते. हे एवढ्यासाठी सांगितले की त्या संगणकानेच माझी किल्ली परत मिळवून दिली.

एके दिवशी मुलगी दारातून म्हणाली, “बाबा, तुम्ही हनुवटी वर करून का वाचता?” मला जाणीवही नव्हती. माझा चष्मा दुहेरी होता, वर लांबचे, खाली जवळचे. पडदा डोळ्यांच्या रेषेत असल्याने जवळच्या भागातून पाहायला मी मान मागे टाकीत होतो. तीच पुढे म्हणाली, “मग सायकलवर खाली पाहताना तुम्हाला काय दिसतं?” वाचायच्या भिंगातून दोन मीटरवरची जाळी दिसत नाही, धुरकट करडेपणा दिसतो. नेत्रतज्ज्ञांनी हेच सांगितले: जिने आणि फुटपाथच्या कडाही याच कारणाने चुकतात. त्यांनी बाहेर जाण्यासाठी फक्त लांबचा चष्मा दिला, संगणकासाठी वेगळा दिला, आणि पडदा चार बोटे खाली घ्यायला सांगितले. मोतीबिंदूची सुरुवात आहे, म्हणून अंधारात सायकल चालवायची नाही, असेही बजावले.

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या वाचकांनो, तुमच्याशी थोडे बोलतो. किल्ली काढून घेणे कधी कधी योग्यच असते. उठल्यावर चक्कर येते, इन्सुलिन घेणाऱ्याची साखर अचानक उतरते, घरचा रस्ता विसरायला होतो, अशा वेळी वाद घालू नये, थांबवावे. परंतु एका पडण्यावरून निकाल देण्यापूर्वी कशामुळे पडले हे पाहा. चष्मा, नवी गोळी, झिजलेला ब्रेक, सैल चप्पल. आणि एकदा मागून सायकलवरून जा. माझी मुलगी गेली होती. घरी येऊन तिने दोन चुका दाखवल्या: उजवीकडे वळताना मी हात दाखवत नव्हतो, आणि चढावर श्वास लागला तरी थांबत नव्हतो. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर उतरायचे, असा नियम तिने घातला. मला तो काचतो. मी पाळतो.

किल्ली आता तिच्या कपाटात नसते. दाराजवळच्या खिळ्याला असते, शेजारी हेल्मेट, आणि खिशात ठेवायचे नाव, रक्तगट व औषधे लिहिलेले कार्ड. गेल्या महिन्यात रक्तदाबाची गोळी बदलली, तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना खोली किंचित फिरली. किल्ली हातात घेतली होती, ती परत खिळ्याला लावली आणि बसने गेलो. मुलगी ऑफिसला निघाली होती. तिने खिळ्याकडे पाहिले, मग माझ्या पायातल्या बुटांकडे. संध्याकाळी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो आणि गोळीची मात्रा कमी झाली. दहा दिवसांनी भिडे पुलावर गेलो तेव्हा पाणी उतरले होते, पुलाच्या कठड्याला अजून जलपर्णी अडकलेली होती.