कोपराचा गूळ

'कोपराला गूळ लावणे' हा वाक्प्रचार मी वीस वर्षे मुलांना शिकवला. अर्थ मात्र मला गेल्या वर्षी कळला. पावसाळ्यात शाळेच्या पायरीवरून घसरलो आणि उजवे कोपर मोडले. प्लॅस्टर निघाले तेव्हा हाड सांधले होते, पण सांधा असा आखडला होता की हात काटकोनापलीकडे वाकेना. घास तोंडापासून वीतभर दूर थांबे आणि मान पुढे काढून मी त्याला गाठी. डाव्या हाताने जेवायला मन घेत नव्हते. गुळाचे सोडाच, समोरचा वरणभातही दिसे पण मिळेना!

जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. दोन दिवसांनी हिने हातावर पेढा ठेवला आणि मान न वाकवता मी तो तोंडात टाकला. ही पदराने डोळे पुसू लागली. मी मात्र करंगळीकडे पाहत होतो. ती होती जागेवरच. पण मला तिचा पत्ता नव्हता.

कोपर आपटले की जी कळ थेट करंगळीत जाते, ती हाडाची नव्हेच. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागून एक नस कातडीलगत जाते. करंगळी तिची, आणि अनामिकेची निम्मी बाजू तिची. निम्मीच! आमच्या कोकणातल्या आंब्याच्या वाटणीसारखा हा कारभार. हात वाकला की ही नस ताणली जाते. महिनोन्महिने तिला ताणाची सवय नव्हती. सांधा एकदम मोकळा झाला आणि तिला ओढ बसली. म्हणून शस्त्रक्रियेतच पुष्कळदा तिला मोकळी करतात. माझीही केली होती, तरी रुसली. डॉक्टरांनी हा धोका आधी सांगितला होता, मी सहीही केली होती. सही करताना लक्ष घासाकडे होते, त्याला काय करणार?

लिहिताना तळहाताची जी कड कागदावर टेकते, तीच बधिर झाली. हाताखाली कागद आहे की टेबल, ते डोळ्यांनी पाहावे लागे. कादंबरी सातव्या प्रकरणात थांबली. अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद डॉक्टरांनी ओढला, तर अंगठ्याचे पेर आपोआप वाकले. फ्रोमां नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९१५ साली सांगितलेली ही खूण म्हणे. माझ्या वर्गात ती खूण म्हणजे हातून निसटणाऱ्या उत्तरपत्रिका.

एकदा चहाचा पेला धरून गप्पा मारत बसलो. करंगळीवर फोड आलेला हिनेच पाहिला.

"अहो, इतकं भाजलं आणि कळलं नाही?"

नाही कळले. त्या रात्री पहिल्यांदा भीती वाटली.

तुटलेला तंतू वाढतो, पण दिवसाला साधारण एक मिलिमीटर. महिन्याला जेमतेम इंच. डॉक्टर कोपरापासून खाली टिचक्या मारत येतात. झिणझिण्या जिथे उठतात तिथवर नवे टोक पोचले असे समजायचे. ही घरी शिवणाच्या टेपने मोजते आणि कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, आकडा मांडते. सप्टेंबरात टिचकी मनगटाच्या चार बोटे अलीकडे बोलली.

धाकटीने परवा विचारले, "बाबा, गोवर्धन उचलताना कृष्णाच्या करंगळीला मुंग्या आल्या असतील का हो?"

"आल्या असतील तर नशीबवान," मी म्हटले.

यंदा फुलबाजी डाव्या हातात धरायची, असा हिचा हुकूम सुटला आहे.