तळेघरमार्गे नाव पाण्यावर

गेल्या फाल्गुनात आम्ही चौघे एक नाव घेऊन तळेघरला गेलो होतो, असे कुणाला सांगितले की तो आधी हसतो. तळेघर पडले डोंगरावर. भीमाशंकरला जाताना एस.टी. थांबते, प्रवासी चहा पितात, पुढे जातात. तिथे नावेचे काय काम? पण वाड्याकडून येणारा रस्ता आणि मंचर-घोडेगावकडून येणारा रस्ता तळेघरलाच एकमेकांना भेटतात. आम्हाला भीमेच्या पाण्यावरची नाव उचलून घोडेच्या पाण्यावर न्यायची होती. मग तळेघर चुकवून कसे चालेल?

आमच्यापैकी तिघे चाकणच्या कारखान्यात कामाला. चौथा आमचाच सोबती, त्याचे मूळ घर डिंभे धरणात गेलेले. त्याच्या गावच्या पोरांनी वर्गणी काढून चासकमानच्या फुगवट्यावरची एक जुनी फायबरची नाव विकत घेतली. देणाऱ्याने एका दिवसासाठी ट्रेलरही दिला, दोन चाकी, वर्कशॉपात जोडून घेतलेला. जीप भाड्याची. तिचा ड्रायव्हर उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात मुरलेला, नावेच्या बाबतीत आमच्याइतकाच कोरा.

पहाटे निघालो. वाड्याच्या पुढे चढ लागला तेव्हा मागून एस.टी. आली आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून हाताने काहीतरी खुणा करू लागला. तळेघरला थांबल्यावर उलगडा झाला. ट्रेलरचा डावा लाल दिवा लागतच नव्हता आणि नावेच्या धुडाआड जीपचे दिवे पूर्ण झाकले होते. म्हणजे एवढा वेळ मागच्याला आम्ही कधी थांबतो, कधी वळतो, काहीच कळत नव्हते. साखर कारखान्याच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळल्याची बातमी वाचून आपण हळहळतो. त्या दिवशी आम्हीच ती ट्रॉली होतो.

बल्ब शाबूत होता. आमच्यातल्या वायरमनने दिव्याचा नट सोडला, सांगाड्यावरचा गंज चाकूने खरवडला, नट परत आवळला. दिवा लागला. ट्रेलरच्या दिव्यांची अर्थिंग लोखंडी सांगाड्यातूनच जाते. पाण्यात बुडून बुडून तिथे गंज धरतो आणि दिवा मंद होतो किंवा बंद पडतो. दहापैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो, असे तो म्हणाला. चहावाल्याने बॅटरी धरली होती, त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

तळेघरहून पोखरी घाटाने उतरायला लागलो की उजेड पडता पडता खाली पाणी दिसते. डोंगराच्या बेचक्याबेचक्यांत शिरलेले, लांबच लांब. हा हुतात्मा बाबू गेनू सागर. महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते आंबेगाव याच पाण्यात बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. ज्यांची जमीन गेली त्या महादेव कोळी आणि कातकरी कुटुंबांना पुढे याच पाण्यात मासेमारीचा हक्क मिळावा म्हणून कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने बरीच वर्षे काम केले. हिरडा आणि भाताच्या चार पोत्यांवर वर्ष निघत नाही, मासळीने थोडा हातभार लागतो. आमच्या सोबत्याच्या घरची गोष्ट यापेक्षा वेगळी नव्हती.

ट्रेलरचे ब्रेक म्हणजे एक युक्ती आहे. जीपचा वेग कमी झाला की ट्रेलर मागून रेटतो. त्या रेट्याने जोडावरचा दांडा आत सरकतो, तारेला ओढ बसते आणि चाकांचे ब्रेक लागतात. सपाटीवर हे झकास. पण घाट उतरताना ड्रायव्हरने दुसऱ्या गिअरवर जीप कितीही रोखून धरली, तरी ट्रेलर रेटतच राहतो, म्हणजे ब्रेक घासतच राहतात. खाली पोचलो तेव्हा चाकाच्या मधल्या भागाला हात लावून पाहिला, चटका बसला.

गावची पोरे काठावर वाटच पाहत होती. त्यांना नाव लगेच पाण्यात हवी होती. आम्ही नाही म्हटले. तापलेले चाक गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ते ग्रीसमध्ये मिसळते आणि बेअरिंग परतीच्या वाटेवर कुठेतरी जाम होते. दिव्याचेही तसेच. ब्रेकवर पाय म्हणजे मागे लाल दिवा पेटलेला, बल्ब तापलेला. पाण्यात गेला की काच तडकते, शॉर्ट झाला तर जीपचाही फ्यूज जातो. म्हणून दिव्यांचा प्लग आधी काढून ठेवला आणि पाऊण तास बसून राहिलो. पोरे कुरकुरली. एकाने तर विचारलेच, “चाकणवाल्यांना पाण्याची भीती वाटती का?”

त्या पाऊण तासात सोबत्याचे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणू लागलो होतो. नाव उतरवायला तिथे बांधलेला उतार असा नाहीच. बुडालेल्या गावाचा जुना रस्ता पाणी ओसरले की उघडा पडतो आणि सरळ पाण्यात शिरतो, तोच आमचा उतार. आबांनी धोतर खोचले, काठी टेकत पाण्यात गेले, पावले मोजली आणि काठी रोवून म्हणाले, “हितनं डावीकडं जाऊ नका. मोरी हाय. आमच्या गाड्याचा बैल हितंच घसरला व्हता.” वरून पाहिले तर सगळे पाणी सारखेच. मोरी फक्त त्यांना दिसत होती.

ड्रायव्हरने काठीच्या उजव्या अंगाने ट्रेलर मागे घेतला. चाके पाण्याला लागली तसा थांबला, हँडब्रेक ओढला आणि किती उतरले ते पाहायला खाली उतरला. हीच चूक. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना आणि मागची चाके होती ओल्या गाळावर. उतारावर ट्रेलरचा ब्रेक काही कामाचा नाही, कारण तिथे तो रेटत नाही, उलटा ओढतो. सगळा भार जीपवर. जीप हळूच सरकली. मागे दोर धरून कमरेएवढ्या पाण्यात एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा होता. ओरडायलाही आम्हाला वेळ मिळाला नाही.

वीतभर सरकून जीप थांबली. पुढच्या चाकामागे दगड होता. सोबत्याच्या आईने लावलेला, कुणी न सांगता. आम्ही विचारले तर त्या माउलीला प्रश्नच कळेना. “चढावं गाडी थांबली की दगड लावायचा. बैलगाडीला न्हाई का लावत?”

मग मात्र सगळे रीतसर केले. चारही चाकांना दगड, पाण्याकडच्या दोन दगडांना दोर बांधले म्हणजे नंतर वरूनच ओढून काढता येतात. ड्रायव्हर जागेवर, काच खाली, जीप गिअरमध्ये. मागे कुणी उभे राहायचे नाही, नावेचा दोर बाजूने धरायचा. पट्टा शेवटी सोडला. नाव तरंगली तेव्हा पोरांनी एवढा गलका केला की समोरच्या डोंगरावरून तो परत ऐकू आला. आबांना पहिल्यांदा बसवले. ते बसले, पण पाण्यात वाकून पाहत राहिले. त्यांचे घर नेमके कुठे आले हे आम्ही विचारले नाही.

पाण्यातून निघालेले ब्रेक लगेच धरत नाहीत. ड्रमात पाणी असते. म्हणून काठावरच्या सपाट रस्त्यावर जीप थोडी चालवून, दहा-बारा वेळा हलकेच ब्रेक दाबून ट्रेलरचे ब्रेक कोरडे केले आणि मगच घाटाला लागलो. प्लग पुसून परत जोडला होता. तळेघरला पोचेपर्यंत दिवे लागायची वेळ झाली. चहावाल्याने दुकानातूनच वाकून ट्रेलरच्या मागे पाहिले आणि दोन बोटे वर केली. दोन्ही लागले होते. या वेळी चहाचे पैसे त्याने घेतले, सकाळचे धरून.