काच कोणत्या बाजूला फुटली

साल १९३८, शहर न्यूयॉर्क. एका किराणा दुकानाची दर्शनी काच खळकन फुटते आणि काळा बुरखा घातलेला, गळ्यात फासाचा दोर असलेला एक धिप्पाड माणूस आत उडी घेतो. दुकानात दरोडा चाललेला. दरोडेखोराला तो असा काही तुडवतो की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. अमेरिकेतला पहिला वेषधारी वीर, 'हूडेड जस्टिस', असा अवतरतो. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ सालच्या 'वॉचमेन' या कॉमिकमधली ही गोष्ट. तीही चित्रांत नाही. एका निवृत्त सहकाऱ्याच्या आत्मचरित्रातलं पान म्हणून छापलेल्या मजकुरात ती दोन-चार वाक्यांत उरकलेली आहे. आमच्यासारख्यांनी ती वाक्यं कोळून प्यायलेली.

२४ नोव्हेंबर २०१९ला एचबीओवरच्या 'वॉचमेन' मालिकेचा सहावा भाग आला, 'धिस एक्स्ट्राऑर्डिनरी बीइंग'. हे नावसुद्धा त्याच वाक्यांतून उचललेलं. त्यात तीच काच फुटते. फक्त आतून बाहेर.

तो दुकानात शिरत नसतो, जीव घेऊन पळत असतो. मागच्या खोलीत वर्णद्वेष्ट्या गोऱ्यांचं टोळकं त्याला सापडलेलं असतं, आणि दुकानदार बंदूक घेऊन पाठीवर असतो. मी रिमोट दाबून दृश्य मागं घेतलं, पुन्हा पाहिलं. काचा रस्त्यावर पडल्या होत्या. भाचा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मामा, काय झालं एवढं?" त्याला काय सांगणार? तेहतीस वर्षं आपण ज्याला पराक्रम समजत आलो ती पळापळ होती, आणि पेपरवाल्यांनी ती उलटी छापली, हे एका फुटक्या काचेत सांगून झालं होतं. मूळ गोष्टीतला शब्दही न खोडता. चाहत्याला याहून मोठी मेजवानी नाही.

गंमत म्हणजे उलटी गोष्ट कशी दिसते तेही मालिकेनं दाखवून ठेवलंय. मालिकेच्या जगात लोक टीव्हीवर 'अमेरिकन हीरो स्टोरी' नावाची भडक मालिका बघत असतात. तिच्यातला हूडेड जस्टिस गोरापान, पिळदार, हाणामारीत स्लो मोशनचा पूर. तिथं काच अर्थातच आत फुटते.

खरा हूडेड जस्टिस कोण? या भागापुरतं सांगायचं तर विल रीव्ह्ज, न्यूयॉर्क पोलिसांत नव्यानं भरती झालेला कृष्णवर्णीय तरुण. दीक्षान्त समारंभात गोरा अधिकारी एकेकाच्या छातीवर बिल्ला लावत येतो आणि विलसमोरून तसाच पुढं निघून जातो. मग लेफ्टनंट बॅटल पुढं होऊन तो बिल्ला लावतात. हे बॅटल इतिहासातले आहेत. सॅम्युएल बॅटल १९११ साली न्यूयॉर्क पोलिसांत घेतले गेलेले पहिले कृष्णवर्णीय. मालिकेनं त्यांना मिनिटभरच दिलंय, पण बिल्ला लावता लावता ते विलच्या कानात एक इशारा पुटपुटतात, आणि तिथून सगळं कृष्णधवल चित्र काळोखाकडे सरकू लागतं.

एका ज्यू माणसाचं दुकान पेटवणाऱ्या दुकानदाराला विल रंगेहाथ पकडतो. त्याचेच सहकारी आरोपीला सोडून देतात. वर एका रात्री गाडी थांबवून विललाच धरतात, सोलपटून काढतात, डोक्यावर काळं कापड चढवतात, झाडाला टांगतात. इथं दिग्दर्शक स्टीफन विल्यम्सनं कॅमेरा त्या कापडाच्या आत नेलाय. बाहेरचं काही धड दिसत नाही. श्वास ऐकू येतो, तोही आपलाच वाटावा इतका जवळून. शेवटच्या क्षणी दोर कापून ते त्याला खाली सोडतात आणि बजावतात की पुढच्या वेळी सोडणार नाही.

मग तो घराकडं चालू लागतो. गळ्यात फास तसाच. वाटेत एका बोळातून किंकाळी येते, कुणाला तरी गुंड लुटतायत. तो तेच काळं कापड डोळ्यांपुरतं फाडतो, डोक्यावर ओढतो आणि बोळात शिरतो.

वेष तयार झाला.

बुरखा आणि दोर. कॉमिकमध्ये हे दोन्ही पहिल्यापासून होते. अमेरिकेत काळ्या माणसाला झाडाला टांगण्याचा इतिहास शाळकरी पोराला माहीत, तरी तो दोर आम्ही सजावट म्हणून पाहत राहिलो. सुपरमॅनला केप, याला फास. मूरच्या त्याच मजकुरात या पात्राच्या तोंडी हिटलरची तरफदारीही आहे, त्यामुळे बुरख्याआड काळा माणूस असेल ही शंका कुणाला यायचं कारण नव्हतं. पटकथाकार डेमन लिंडेलॉफ आणि कॉर्ड जेफर्सन यांना ती आली. २०२०चा लेखनाचा एमी त्यांना याच भागासाठी मिळाला. मूर स्वतः आपल्या कामाच्या रूपांतरांना नावही लावू देत नाही. चालायचंच.

सुपरमॅनचं नाव घेतलंच आहे तर तोही या भागात आहे. रस्त्यावरचा पेपरवाला नुकताच निघालेला 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक वाचत असतो आणि विलला कथा सांगतो. जग नष्ट होतंय, आईबाप तान्ह्या मुलाला वाचवण्यासाठी दूर पाठवून देतायत. ऐकता ऐकता विलचा चेहरा बदलतो. त्याच्या आईबापांनीही त्याला असंच एका पेटीत घालून गाडीवरून रवाना केलं होतं. नष्ट झालेल्या त्या ग्रहाचं नाव टुल्सा.

टुल्सा, ओक्लाहोमा. ३१ मे आणि १ जून १९२१. लिफ्टमध्ये एका गोऱ्या मुलीच्या अंगावर हात टाकल्याचा आळ एका बूटपॉलिशवाल्या काळ्या तरुणावर आला आणि गोऱ्या जमावानं ग्रीनवूड ही अख्खी सधन काळी वस्ती जाळली. पस्तीसेक चौक, बाराशेवर घरं. जमावातल्या कित्येकांना शहराच्या अधिकाऱ्यांनीच हंगामी पोलीस म्हणून नेमून हत्यारं दिली होती. मालिकेच्या पहिल्या भागात विलची आई ज्या 'ड्रीमलँड'मध्ये पियानो वाजवते ते थिएटरही खरं, तेही जळालं. पोरगा तिथं मूकपट बघतोय. पडद्यावर बास रीव्ह्ज, काळा बुरखा घातलेला मार्शल, भ्रष्ट गोऱ्या शेरीफला दोराच्या फासात ओढतोय. मूकपट रचलेला, बास रीव्ह्ज मात्र खरा. गुलाम म्हणून जन्मला आणि १८७५ साली त्याच मुलखात डेप्युटी मार्शल झाला. म्हणजे दोर पहिल्यांदा पोराच्या डोळ्यांपुढं येतो तो काळ्या माणसाच्या हातात. गळ्यात तो नंतर पडतो.

मला राहून राहून आठवत होतं ते गळ्यातलं मडकं. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्यांनी थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं आणि पाऊलखुणा पुसल्या जाव्यात म्हणून कमरेला केरसुणी बांधून वावरायचं, असं बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये १९३६ साली लिहिलं आहे. दुसऱ्यानं बांधलेली खूण. बाबासाहेब न्यूयॉर्कात शिकले, १९४६ साली त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिलं. त्या दोन इतिहासांची तुलना मी शोधून काढलेली नाही. मला धरून ठेवलं ते विलच्या एका कृतीनं. घरी पोचल्यावर तो दोर सोडून फेकून देऊ शकला असता. तो ठेवतो. बुरख्याच्या भोकांतून कातडी दिसू नये म्हणून बायको त्याच्या डोळ्यांभोवती पांढरा रंग लावते. लोक वीर गोरा आहे असं समजले तरच वीर समजतील, हे तिला नीट कळतं. पुढं वेषधाऱ्यांच्या संघटनेत त्याला घेणारा गोरा मित्रही हेच बजावतो, बुरखा उतरवू नकोस. म्हणजे वाचवणाऱ्यालाही लपावंच लागलं. एका संध्याकाळी त्याचं लहान पोर आरशासमोर बसून तोच पांढरा रंग तोंडाला फासताना सापडतं. बाप किंचाळतो, खसाखसा पुसू लागतो, पोर भेदरून रडतं. बायको मुलाला घेऊन निघून जाते. सबंध भागातली कुठलीही हाणामारी या पुसण्याइतकी अंगावर येत नाही.

एक खटकलंच. काळ्यांना एकमेकांवर तुटून पडायला लावणारं, सिनेमाच्या प्रोजेक्टरमधून संमोहित करणारं यंत्र गोऱ्यांच्या कटात आहे. कॉमिकच्या जगाला शोभतं, कबूल. पण टुल्सात कुणाला संमोहित करावं लागलं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत गिऱ्हाइकांना हसून सामान देणारे लोक होते ते. यंत्र आणलं की दोष यंत्रावर जातो.

हे सगळं आपल्याला दिसतं ते विलची नात अँजेला हिनं आजोबांच्या आठवणींच्या गोळ्या गिळल्यामुळे. मध्येच विलच्या जागी अँजेला झालेल्या रेजिना किंगचा चेहरा येतो, तिच्याच डोळ्यांभोवती रंग चढतो. शेवटी त्या आठवणी पहिल्या भागातल्या खुनाशी येऊन मिळतात. म्हातारा, चाकाच्या खुर्चीतला विल आता त्याच संमोहनाचा झोत वापरून अँजेलाच्या गोऱ्या साहेबाला, जड क्रॉफर्डला, स्वतःच्या हातानं फास लावायला लावतो. जडच्या कपाटात कू क्लक्स क्लॅनचा झगा लपवलेला असतो. तो आजोबांचा आहे, आपला वारसा आहे, असं जड म्हणतो. वारशाचा अभिमान आहे तर लपवला कशाला, असं विल विचारतो.

मी चक्क टाळी वाजवली. भाचा गप्प होता. मग म्हणाला, "पण मामा, यंत्र त्यांचं, दोर त्यांचा. ह्यानं वेगळं काय केलं?" मी म्हटलं, सत्तर-ऐंशी वर्षं कायद्यानं काही केलं नाही, तर म्हाताऱ्यानं अर्ज करायचा होता का? तो म्हणाला, "झगा खरंच फक्त आजोबांचा असता तर?" मी म्हटलं, मग मोकळ्या भिंतीवर टांगायचा. त्याला ते पटलं नाही. जेवताना त्यानं पुन्हा तोच मुद्दा काढला, आणि ताईनं आम्हा दोघांनाही टीव्हीवरची भांडणं ताटावर आणायची नाहीत म्हणून दटावलं.