कोळशावरची मोटार

घरातला गॅस संपला की सूनबाईंची जी धांदल उडते, ती पाहून मला हसू येते. आज मी नव्वदीला टेकलो आहे. माझ्या लहानपणी गॅस ही स्वयंपाकघरातली वस्तूच नव्हती. तो तयार होत असे मोटारीच्या पाठीवर, आणि तोही आम्हा पोरांच्या डोळ्यांदेखत!

गोष्ट १९४४ सालची. आम्ही तेव्हा वाईला राहत होतो. महायुद्ध चालू होते. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशातले तेल गेले आणि आधीच रेशनवर असलेले पेट्रोल आता औषधालासुद्धा मिळेनासे झाले. मग सर्व्हिस मोटारींच्या मागे एकेक भले मोठे लोखंडी पिंप बसले. त्यात वरून लाकडी कोळसा ओतायचा, खालून निखारा लावायचा आणि हाताने पंखा फिरवीत बसायचे. दहा-पंधरा मिनिटांनी नळीच्या तोंडाशी काडी लावून पाहायची. निळसर ज्योत धरली की मोटार निघायला तयार! ही खटपट एकट्या आपल्याकडेच होती असे नाही. स्वीडनसारख्या देशातही त्या काळात सुमारे ७०,००० गाड्या कोळशाच्या आणि लाकडाच्या गॅसवर धावत होत्या.

धावत होत्या म्हणायचे, एवढेच. सपाटीवर ठीक, पण पसरणीचा घाट लागला की मोटार धापा टाकू लागे. मग धट्टेकट्टे उतारू खाली उतरत आणि वेळ पडली तर मागून हातही लावत. तिकीट मोटारीचे, प्रवास पायी! पाचगणीला पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडे सारखीच काळी झालेली असत, त्यामुळे मामलेदार कोण आणि हमाल कोण ते ओळखू येत नसे.

या मोटारीवर आमचा दादा क्लीनर होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना हायस्कुलात शास्त्र शिकवीत. दादा मॅट्रिकला नापास झाला आणि पुन्हा परीक्षेला न बसता सरळ मोटार-स्टँडवर जाऊन कामाला लागला. मास्तरांचा मुलगा कोळशाच्या पाट्या उचलतो, हे नानांच्या फार जिव्हारी लागले. त्यांनी अबोला धरला. दादा घरी जेवायला आला की नाना पान आटोपून उठत. आई दोघांच्या मध्ये वाढपी होऊन राहिली होती.

त्या वर्षीचा पौष कडाक्याचा होता. रात्रीची शेवटची मोटार आली की ती स्टँडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवीत. पिंपातला कोळसा रात्रभर धुमसत राही, त्यामुळे सकाळी पेटवण्याची दगदग वाचे. दादाला वाटले, आयती शेकोटी आहे! त्याने शेडचे दार आतून ओढून घेतले, फटीत पोती कोंबली आणि पिंपाशेजारीच पथारी टाकली.

पहाटे मोटारीचा म्हातारा ड्रायव्हर आला. त्याला सगळे मामू म्हणत. हाका मारूनही आतून ओ येईना, तेव्हा त्याने दार उचकटले आणि दादाला बखोटीला धरून उघड्यावर ओढत आणले. नानांना निरोप आला तेव्हा ते पूजेला बसले होते. ते तसेच सोवळ्याने धावले. मी मागोमाग. दादा मातीत निपचित पडला होता. डॉक्टर आले. दुपार टळली तेव्हा कुठे दादाने डोळे उघडले, ओकारी केली आणि डोके धरून ‘आई’ म्हणून हाक मारली.

मामू म्हणाला, “मास्तर, याला गॅस चढला. माझंपण डोकं कैकदा दुखतं. पण हा असा जीव घेतो, ते कुणी सांगितलंच नव्हतं.”

नाना मटकन खाली बसले. म्हणाले, “मामू, मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी हेच फळ्यावर लिहितोय. फक्त पोराशी बोलत नव्हतो.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर नाना खडू घेऊन स्टँडवर गेले. मोटारीच्या पत्र्यावरच आकृती काढून त्यांनी सगळ्या क्लीनरांना समजावले. पिंपात तळाशी कोळसा पुरता जळतो, तेव्हा कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लालबुंद कोळशातून गेला की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. तो जळतो, म्हणून इंजिन चालते. त्याच्यासोबत थोडा हायड्रोजन असतो आणि निम्म्याहून अधिक नुसता नायट्रोजन, हवेबरोबर आलेला, काडीचाही उपयोग नसलेला! म्हणून तर या गॅसमध्ये दम कमी. (आज नळाने घरोघर येणाऱ्या गॅसच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकीच उष्णता त्यात असते.) पण जो मोटार ओढतो, तोच माणसाला मारतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते.

शेवटी नाना म्हणाले, “निखारा धुमसत ठेवायचा असेल, तर दार उघडं ठेवा.” हे बोलताना ते दादाकडे पाहत होते. त्या रात्री दोघे एका पंक्तीला जेवले. काय बोलले म्हणाल, तर पिंपाच्या गाळणीत काथ्या किती घालायचा, यावर तासभर वाद घातला!

युद्ध संपले, पेट्रोल आले, पिंपे भंगारात गेली. १९४८ साली एसटी सुरू झाली. दादा पुढे तिच्या वर्कशॉपमध्ये लागला आणि तिथूनच निवृत्त झाला.

तो गॅस मात्र पुरता गेला नाही. १९९० नंतरच्या वर्षांत फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट आणि चिपाडे यांच्यापासून असा गॅस करणारे यंत्र चालवून दाखवले. शेतात नुसते पेटवून देतात ते पाचट भट्टीच्या कामी यावे, ही कल्पना दादाला भारी आवडली होती. पुढे एके ठिकाणी असलेच एक यंत्र पाहायला आम्ही दोघे गेलो. तिथला तरुण इंजिनियर उत्साहाने आकडे सांगत होता. दादाने ते सगळे ऐकून घेतले. मग काठी टेकीत तो शेडभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, “बाळ, रात्री इथं कोण झोपतं?”

“राखणदार असतो, आजोबा.”

“त्याला बाहेर झोपव. आणि का ते नीट समजावून सांग.”

दादा आता नाही. दर हिवाळ्यात, बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेले घरच्या घर सकाळी उठलेच नाही, अशी बातमी वाचतो, तेव्हा मी हातातला पेपर ठेवतो आणि उठून खिडकी उघडतो. आमच्या घरात शेगडी नाही, तरी उघडतो.