पडण्याची विद्या

'आयकिदो' ह्या शब्दात तीन चिन्हे आहेत : 'आय' म्हणजे जुळणे, 'की' म्हणजे प्राणशक्ती आणि 'दो' म्हणजे मार्ग. युद्धकलेला 'मार्ग' म्हणण्यात एक दावा अनुस्यूत आहे : प्रतिपक्षाला नमवणे हे येथे अंतिम साध्य नव्हे. हा दावा कितपत खरा, हा प्रश्न चाळिशी ओलांडून ह्या विद्येच्या वर्गात जाऊ लागल्यापासून आम्हां दोघांचा पिच्छा सोडत नाही. आम्ही एकाच मराठी विभागात शिकवतो आणि वाङ्मयीन मूल्यांवरून आमचे फारसे पटत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

ह्या विद्येचा आरंभ प्रहारापासून होत नाही, पडण्यापासून होतो. पडण्याच्या ह्या तंत्राला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीशी, पाठ गोल. पुढे लोळण घेताना शरीराचा भार हाताच्या कडेवरून खांद्यावर आणि तेथून पाठीवर तिरपा उतरत विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत जातो. डोके जमिनीला लागता कामा नये. त्यानंतर येतात दोन मूलभूत हालचाली : हल्ल्याच्या रेषेतून किंचित बाजूला सरकत थेट आत शिरणे, ती 'इरिमी', आणि पावलावर गिरकी घेऊन हल्लेखोराच्याच दिशेला तोंड करणे, ती 'तेन्कान'. मनगट पिळून पाडणारा 'कोतेगाएशी' काय किंवा 'चहूदिशांची फेक' असा अर्थ असलेला 'शिहोनागे' काय, सारे ह्याच पायावर उभे आहेत.

बघणारा साहजिकच विचारतो : समोरचा आपण होऊन पडतो, मग हे नाटकच नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. आयकिदोच्या बहुतेक शाखांत स्पर्धा नाहीत. केन्जी तोमिकी ह्यांच्या परंपरेने त्या आणल्या, हा महत्त्वाचा अपवाद. सरावात एक जण हल्ला करतो, तो 'उके'. दुसरा फेकतो, तो 'नागे'. थोड्या वेळाने भूमिका बदलतात. उकेने लटका हल्ला केला तर नागेला वळवण्याजोगे काही मिळतच नाही, आणि उके हटवादीपणे ताठ राहिला तर त्याचेच मनगट दुखावते. म्हणजे सहकार्य आहे. परंतु हल्ला खरा असणे हाच त्या सहकार्याचा पहिला भाग आहे.

संस्थापकाचे चरित्र मात्र इतके सुबोध नाही. मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) ह्यांनी १९१५ मध्ये होक्काइदोत ताकेदा सोकाकू ह्यांच्याकडे 'दाइतो-र्यू' ह्या जुजुत्सूचे धडे घेतले. पुढे ओमोतो पंथाच्या ओनिसाबुरो देगुची ह्यांचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९३१ मध्ये तोक्योत त्यांचा 'कोबुकान' दोजो उभा राहिला आणि त्या दशकात त्यांनी लष्करी संस्थांतही शिकवले. १९४२ मध्ये ते इबाराकी प्रांतातील इवामा येथे गेले. 'आयकिदो' हे नाव रूढ झाले तेही त्याच सुमारास. शांतीचा मार्ग म्हणून जगाने ओळखलेली ही विद्या सैनिकांच्याही हाती दिली गेली होती, हे विसरून तिचे गोडवे गाणे आम्हांला जमत नाही.

म्हणून तिचे नैतिक बळ आम्ही संस्थापकाच्या वचनांत शोधत नाही. ते सरावाच्या एका साध्या रीतीत आहे, असे आम्हांला वाटते. ज्याला आपण पाडले, तो उठून पुन्हा समोर उभा राहणार आहे आणि थोड्याच वेळात आपले मनगट त्याच्या हाती असणार आहे. त्याला उठता येईल असेच पाडावे लागते. विभागातल्या आमच्या वादांना अशी रीत नव्हती. तेथे दुसऱ्याला निरुत्तर केले की चर्चा संपे, आणि विद्यार्थी ते पाहून निरुत्तर करण्याचीच कला शिकत. आमचे मतभेद आजही तसेच आहेत, ते मिटावेत अशी इच्छाही नाही. फक्त आता चर्चासत्रात एकाने मांडणी केली की त्याच कृतीवरची विरुद्ध बाजू दुसऱ्या खेपेला त्यानेच मांडायची, असे आम्ही ठरवले आहे. ह्यातून समीक्षा सौम्य होईल की नुसतीच गुळमुळीत, हे विद्यार्थ्यांच्या निबंधांतून कळेल. तोवर आठवड्यातून दोन संध्याकाळी एकमेकांना नीट पाडण्याचा आमचा अभ्यास चालू आहे.