हीनाक्षर आणि अधिकाक्षर

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह देशातील मोठ्या शहरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्यानंतरची काही वर्षे गिरगाव, दादर, परळ या भागांतील घरांत संगणक ही अपूर्वाईची वस्तू होती. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग आणून तो जुळवलेला असे. मोडेम त्याहूनही दुर्मीळ. एका फ्लॉपीत मावेल एवढी माहिती आणायला १४.४ किलोबिट वेगाचा मोडेम, तार अगदी स्वच्छ असली तरी, सुमारे सतरा मिनिटे घेई. विद्यार्थ्यांना मिळणारे खाते नुसत्या अक्षरांचे असे. फाइल आधी निगमाच्या संगणकावर उतरवायची आणि तिथून दुसऱ्या टप्प्यात घरी आणायची. एवढ्या प्रवासानंतर ती धड असेलच, याची खात्री नसे.

खेतवाडीतील एका जैन कुटुंबापुढे १९९७ च्या ज्येष्ठ महिन्यात हीच अडचण उभी राहिली. घरातील आजोबांनी अनेक वर्षांच्या स्वाध्यायाची टिपणे वह्यांत लिहून ठेवली होती. आता त्यांची दृष्टी झपाट्याने मंदावत होती आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. निदान एक वही ठसठशीत अक्षरांत छापून श्रुतपंचमीला त्यांच्या हाती द्यावी, म्हणजे दिसते आहे तोवर ती त्यांना स्वतः वाचता येईल, असे अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने ठरवले. धाकट्या बहिणीने वही रोमन लिपीत टंकून ठेवली होती. तो मजकूर देवनागरीत उमटवणारा प्रोग्रॅम परदेशातील एका विद्यापीठाच्या संगणकावर मोफत उपलब्ध होता. मोडेम मात्र दादरच्या मित्राकडे होता. त्यामुळे फाइलच्या प्रवासाला तिसरा टप्पा जोडला गेला : फ्लॉपी खिशात घालून दादर ते चर्नी रोड.

पहिल्या रात्री मित्राच्या घरातील दुसऱ्या खोलीत कोणीतरी त्याच तारेवरचा फोन उचलला आणि संपर्क तुटला. आलेली फाइल उघडेना. दुसऱ्या रात्री संपर्क अखंड राहिला, तरीही फाइल उघडेना. तिसऱ्या रात्री पुन्हा तेच. बाहेर पावसाची पहिली झड लागली होती. तारेत गोंगाट असणार, एवढे म्हणून तो पुन्हा पुन्हा तोच प्रयत्न करीत राहिला. श्रुतपंचमीला चार दिवस उरले.

“बिघडली म्हणजे नेमकी कशी बिघडली?” आजोबांनी विचारले. “अक्षर कमी पडले आहे, की जास्त झाले आहे?”

“ते पाहिले नाही, आजोबा.”

तेव्हा आजोबांनी त्याला धरसेनाचार्यांची कथा सांगितली. ‘धवला’ टीकेत ती आलेली आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या वृद्ध धरसेनाचार्यांना श्रुतज्ञान आपल्याबरोबरच लोप पावेल अशी चिंता लागली. त्यांच्या निरोपावरून दक्षिणेतून दोन साधू आले. आचार्यांनी त्यांची परीक्षा घेण्यासाठी दोन मंत्र दिले. एकात एक अक्षर अधिक होते, तर दुसऱ्यात एक कमी. दोघांनी उपवासपूर्वक मंत्र साधला, तेव्हा एकापुढे दात बाहेर आलेली देवी प्रकट झाली आणि दुसऱ्यापुढे एका डोळ्याची. देवतांचे रूप असे विकृत नसते, हे दोघांनी जाणले. त्यांनी तोच मंत्र तसाच पुन्हा जपला नाही. मंत्रशास्त्राच्या व्याकरणाने अक्षरे तपासली, अधिक होते ते काढले, उणे होते ते घातले. मग देवी आपल्या स्वाभाविक रूपात आल्या. आचार्यांनी अध्यापन सुरू केले ते त्यानंतर. हेच दोघे पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी ओळखले गेले आणि त्यांनी षट्खंडागमाची रचना केली.

दुसऱ्या दिवशी नातवाने कागद घेतला आणि प्रत्येक मुक्कामावरची बाइटसंख्या लिहून काढली : मूळ स्थानी किती, निगमाच्या संगणकावर किती, दादरला पोहोचली तेव्हा किती. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक ‘ग्रंथाग्र’ लिहीत. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथ किती श्लोकांचा भरतो, याची ती मोजणी असे. कागदावरची ही संख्या त्याच जातीची होती.

कागदाने लगेच उत्तर दिले. पहिली फाइल मूळ संख्येहून लहान होती. संपर्क तुटल्यामुळे ती हीनाक्षर राहिली. दुसरी आणि तिसरी मात्र मूळ संख्येहून मोठ्या होत्या, आणि दोन्ही अगदी सारख्याच प्रमाणात. गोंगाट असा नेमाने येत नाही. जो बिघाड दोनदा तंतोतंत सारखा होतो, तो कुठल्या तरी नियमाने होत असतो. शोध घेतल्यावर नियम सापडला. निगमाच्या संगणकावरून दादरला फाइल आणताना ‘मजकूर’ ही पद्धत निवडलेली होती. त्या संगणकावर ओळ संपल्याची खूण एका बाइटची, दहा या अंकाची. घरच्या संगणकावर ती तेरा आणि दहा अशा दोन बाइटची. मजकूर पद्धतीत प्रत्येक दहापूर्वी एक तेरा आपोआप घातला जाई. पत्राच्या बाबतीत ही सोयच होती. प्रोग्रॅममध्ये मात्र दहा म्हणजे ओळीचा शेट असेलच असे नाही, आणि तिथे शेकडो अधिकाक्षरे शिरत होती. पद्धत बदलून ‘द्विमान’ केली आणि चौथ्या रात्री संख्या जुळली.

तरीही खेतवाडीत फाइल उघडली नाही. संख्या बरोबर होती, पण तपासणीत खूण जुळत नव्हती. झिप प्रकारच्या फाइलमध्ये आतल्या प्रत्येक फाइलसाठी बत्तीस बिटांची एक पडताळणी-खूण साठवलेली असते. ती नुसत्या मोजणीपेक्षा बरीच पुढे जाते. १९७७ साली वॉर्ड क्रिस्टनसन यांनी बनवलेल्या एक्समोडेम पद्धतीत १२८ बाइटचा एकेक तुकडा पाठवून त्याची बेरीज जुळवली जाई आणि चुकलेला तेवढाच तुकडा पुन्हा मागवला जाई. पण बेरजेला क्रम कळत नाही. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांची बेरीज एकच. बत्तीस बिटांच्या खुणेला हा फरक कळतो. चूक कुठे आहे हे मात्र तीही सांगत नाही.

तीच फाइल दादरच्या संगणकावर तपासली, तर निर्दोष निघाली. म्हणजे दोष वाटेतल्या फ्लॉपीत होता. आदल्या रात्री फ्लॉपीवरून उतरवून घेताना वाचनात अडथळा आला होता. संगणकाने थांबायचे, पुन्हा प्रयत्न करायचा की दुर्लक्ष करायचे, असे विचारले होते. रात्री उशिरा, दमलेल्या हाताने दुर्लक्ष करण्याचे अक्षर दाबले गेले होते. संख्या भरली, पण एका खंडात भलतेच काही येऊन बसले. नवी फ्लॉपी आणली, आणि प्रोग्रॅम चालू झाला. फाइल परदेशातून पुन्हा मागवण्याची गरज पडली नाही.

ज्ञानाच्या आठ आचारांत व्यंजनाचार, अर्थाचार आणि उभयाचार हे तीन वेगळे सांगितले आहेत : अक्षराची शुद्धी, अर्थाची शुद्धी आणि दोन्हींची मिळून शुद्धी. याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच घडला आहे. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला षट्खंडागमाचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला, तेव्हा मूडबिद्रीची मूळ ताडपत्रे संपादकांना उपलब्ध नव्हती. हाताशी होत्या त्या प्रतींवरून केलेल्या प्रती. ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द गळला असावा, असे त्यांना अर्थावरून दिसले. त्यांनी तो सूत्रात घुसवला नाही, तळटीप दिली. त्यावर पुष्कळ वाद झाला. पुढे ताडपत्र पाहिले गेले, तेव्हा त्यात तो शब्द होता. अर्थाने शंका दाखवली आणि मूळ अक्षराने तिचा निकाल लावला.

श्रुतपंचमीच्या आदल्या रात्री वही छापून झाली. सकाळी पूजेनंतर आजोबांनी ती हाती घेतली, पण सरळ वाचायला बसले नाहीत. नातीला त्यांनी जुनी वही मोठ्याने वाचायला सांगितली आणि स्वतः छापील ओळींवरून बोट फिरवत ऐकू लागले. संगणकाच्या सर्व खुणा जुळल्या होत्या. तरी टंकताना कुठे ऱ्हस्वाचा दीर्घ झाला होता, एके ठिकाणी अख्खी ओळ सुटली होती. दुपारपर्यंत त्यांनी अकरा जागी पेन्सिलीने खुणा केल्या आणि वही दुरुस्तीसाठी नातवाकडे परत दिली.